रेघ खाणारा हात

“काका, हात सैल सोडा. नेहमी जसं काम करता, अगदी तसंच करायचं.”

“नेहमी मी शिव्या देत काम करतो, बाई. त्या बी शिकवू काय तुमच्या यंत्राले?”

पोरगी हसली. माझ्या उजव्या मनगटाला तिनं काळा रबरी पट्टा बांधला, करवतीच्या मुठीला काडेपेटीएवढी डबी चिकटवली आणि बाकाच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवला. अनघा दातार तिचं नाव. पुण्याहून आली होती. वय पंचवीस-सव्वीस, पायात पांढरेशुभ्र बूट. सुतारांच्या शेडमध्ये पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तिथल्या तिथं ठरलं, आणि ते बदलायची मी तिला संधीच दिली नाही.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खुर्च्यांचा एक कारखाना होता. अजूनही आहे. त्यात आम्हा आठ सुतारांची वेगळी शेड होती, तिला सगळे हातशेड म्हणत. प्लायवूड, पॉलिश, गादीकाम हे सगळं पलीकडच्या मोठ्या शेडमध्ये यंत्रांवर व्हायचं. अस्सल सागाच्या खुर्चीचे सांधे मात्र आमच्याच हातून निघत. आडव्या पट्टीच्या टोकाला एक जीभ ठेवायची, तिला आम्ही कुसू म्हणतो, आणि ते कुसू जिथं शिरणार तिथं पायाला खाच कोरायची. सांधा म्हणजे एवढंच. पण साग हे सरळ लाकूड नाही. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या, एक खडखडीत वाळलेली, दुसरी पोटात ओल धरून बसलेली. कोणत्या फळीचं कुसू किती भरीव ठेवायचं हे हाताला कळतं, पट्टीला कळत नाही. तेवढ्यासाठीच मालकानं तो लोखंडी हात आणला होता. पिवळा, माणसाच्या हाताच्या तिप्पट लांब, काचेच्या खोलीत उभा केलेला. त्याला आमच्याकडून शिकायचं होतं.

मालक राजाभाऊ गुंडावार. आजोबांची आरागिरणी, वडिलांचा कारखाना, आणि ह्यांच्या वाट्याला आला लॅपटॉप. साग आणि निलगिरी शेजारी ठेवली तर आधी स्टिकर शोधतील असा माणूस. त्यांनी आम्हा आठ जणांना ओळीनं उभं करून सांगितलं होतं,

“सहा महिने हे यंत्र तुमच्यापाशी शिकेल. मग परीक्षा. एक खुर्ची यंत्र करेल, एक तुमच्यातला कोणी. परीक्षा तुमचीच, तुमच्याच पद्धतीनं. दोन्ही टिकल्या तर हातशेड राहील, खास ऑर्डरी तुम्ही करा. यंत्राची पडली तर यंत्र वापस. आन् तुमची पडली...” ते थांबले आणि हसले. “तुमची कायले पडते म्हणा!”

आमच्या पद्धतीची परीक्षा म्हणजे हातशेडची जुनी रीत. खुर्ची सरस न लावता, खिळा न मारता नुसती जोडायची. मग मागच्या एका पायाला धरून उचलायची आणि तीन झटके द्यायचे. सांधा सुटला तर सुतारानं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. टिकला तर त्या दिवसापासून त्याला कानावर पेन्सिल लावायचा मान. त्याआधी पेन्सिल खिशात. माझ्या कानावर ती चौतीस वर्षं होती. आंघोळ करतानाही कधीकधी काढायची राहून जायची.

आणि ती पेन्सिल एकच गोष्ट सांगते, रेघ राखायची. कुसू कापताना करवत रेघेच्या बाहेरून चालली पाहिजे. कापून झालं, भुसा फुंकला, की रेघ लाकडावर शाबूत दिसली पाहिजे. करवतीनं रेघ खाल्ली की कुसू बारीक झालं, सांधा ढिला पडला. केसाएवढा फरक. पण खुर्चीला तो केस कळतो.

त्या पोरीच्या कॅमेऱ्याखाली मी पहिल्याच दिवशी रेघ खाल्ली.

*

कॅमेरे दोनच बाकांवर लागले होते. एक माझ्या, एक पत्रूच्या. पत्रू बुरडकर माझ्याच वयाचा, तीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर. हात चांगला, पण गोगलगायीच्या जातीचा. कुसू कापून झालं की त्याच्या बुडाशी जो खांदा उरतो, त्याला आतून पटाशीनं किंचित उतार द्यायचा, म्हणजे बाहेरची कड पायाला घट्ट बिलगते. कोणी सांगितलेलं नाही, कोणाला दिसत नाही, खुर्ची मोडून बघितल्याशिवाय कळत नाही. तरी हा प्रत्येक कुसवाला देणार. मी त्याला नेहमी म्हणायचो, “पत्रू, तुह्या या उतारानं गिऱ्हाइकाच्या ढुंगनाले काय फरक पडते?” तो नुसता हसायचा.

पहिल्या आठवड्यातच डबा खाताना मी त्याला धरला.

“पत्रू, तू रेघ राखून राह्यला.”

“मंग?”

“मंग काय? ज्या फांदीवर बसला तेच तोडून राह्यला तू. शिकव त्याले बराबर, अन् उद्या बस मोठ्या शेडमंदी काचकागद घेऊन खुर्च्या घासत.”

“अन् तू काय करून राह्यला?”

मी आजूबाजूला बघितलं. “मी रेघ खातो. रोज. एकूनएक कुसवाची. त्याले दोन गुरू, एक राखते, एक खाते. डोक्स्याचा पार भुगा होईन त्याच्या. सहा महिन्यानं शेठ खुर्ची उचलन अन् भदकन् खाली.”

पत्रूनं भाकर चावत विचार केला. विचार करताना त्याचं तोंड थांबत नसे, त्यामुळे विचार चाललाय की भाकर हे कळायला मार्ग नव्हता.

“माह्याच्यानं नाई होत जी,” तो म्हणाला. “लाकूड हातात आलं का खोटं नाई करवत.”

“लाकडाले काय कळते?”

“लाकडाले नाई कळत. मले कळते ना.”

“गुलाम हायेस तू, पत्रू. जन्माचा गुलाम.”

“असन,” तो म्हणाला आणि मला लोणचं दिलं.

त्यानंतर सहा महिने मी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. “गुलाम, पटाशी दे.” “गुलाम, तुह्या शिष्याले नमस्कार सांग.” बाकीच्या सहा जणांना वाटायचं दोन म्हाताऱ्यांची थट्टा चाललीय. पत्रू पटाशी द्यायचा.

*

मुद्दाम चुकणं सोपं असतं असं कोणाला वाटत असेल तर त्यानं करून बघावं. पहिल्या दिवशी माझा हात रेघेपाशी अडखळला. चौतीस वर्षांचं वळण, तो आपोआप बाहेर सरकायचा, मी त्याला आत ओढायचो. मनगटावर पट्टा होता, वर कॅमेरा होता. ती पोरगी कितीही बावळट असली तरी अडखळलेला हात तिच्या पडद्यावर दिसला असता. म्हणून मी रोज सकाळी अंगणात सागाचे तुकडे घेऊन बसायला लागलो. कारखान्यात जायच्या आधी तासभर. रेघ मारायची आणि खायची. एकदा जास्त, एकदा कमी, असं नाही चालणार. दर वेळी तेवढीच, केसाला केस, न थांबता, न बघता. महिन्याभरात हात असा बसला की मला माझाच अभिमान वाटला. चूकसुद्धा मी उस्तादासारखी करत होतो. गुंडावारांच्या लॅपटॉपला हे सात जन्मांत जमलं नसतं.

एका सकाळी बायको, मैना, चहा घेऊन आली आणि ढिगाकडे बघत उभी राहिली.

“हे काय करून राह्यले तुम्ही? लहान पोरावानी.”

“तुले नाई समजत.”

“नोका समजू. माह्या खाटेची पट्टी तेवढी बसवून द्या म्हनलं होतं.”

त्या रविवारी मी तिच्या खाटेची जुनी पट्टी काढून नवी बसवली. आठवड्यानं ती म्हणाली, “खाट करकरते.”

“लाकूड ओलं असन.”

“तुमचं काम आधी कधी करकरत नोव्हतं.”

“आधी लाकूड चांगलं येत होतं,” मी म्हणालो आणि विषय संपवला. वखारवाला, पावसाळा, सरकारची जंगलं, सगळ्यांना मी त्या दिवशी नावं ठेवली. नाचता येईना त्याचं अंगण किती वाकडं असू शकतं, ते माझ्याकडून शिकावं.

पोरीबद्दल तर काही विचारू नका. तिसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या बाकावर एक जादा दिवा लावून दिला.

“काका, आता नीट दिसतंय ना?”

“बाई, मुंगीच्या पायातलं पैंजन दिसते मले.”

“नाही, म्हणजे... चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता?”

“चष्मा पोथी वाचाले लागते. लाकडाले बोटं लागतात.”

तिनं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मी पत्रूला डोळा मारला. दिव्याखाली बसून मी आणखी मन लावून रेघा खाल्ल्या. ती रोज माझ्यापाशी येऊन दोन मिनिटं थांबायची, “छान काका” म्हणायची, आणि मग पत्रूच्या बाकापाशी तास तास उभी राहायची. हा उतार कशाला, ही फळी नखानं का वाजवली, ती बाजूला का ठेवली. पत्रू आपला शांतपणे सांगायचा. मी मनात म्हणायचो, विचार, विचार. पालथ्या घड्यावर पाणी. मास्तर निम्मा माझ्यासारखा आहे हे तुला सहा महिन्यांनी कळेल.

*

परीक्षेच्या दिवशी राजाभाऊ सकाळी नवा शर्ट घालून आले. हातशेडच्या मधोमध जागा रिकामी केली होती. दोन खुर्च्यांचं कापून ठेवलेलं सामान दोन ढिगांत मांडलं होतं, एकाच ओंडक्याचं. फक्त कुसू आणि खाचा करायच्या बाकी. एक ढीग काचेच्या खोलीत गेला.

“तुमच्यातून कोण?” राजाभाऊंनी विचारलं.

सहा माणसांनी पत्रूकडे बघितलं. सहाच्या सहा. ते मला झोंबलं. चौतीस वर्षं कानावर पेन्सिल घेऊन मी तिथं उभा होतो आणि हे त्या गोगलगायीकडे बघत होते.

“मी,” मी म्हणालो.

अनघानं राजाभाऊंच्या बाहीला हात लावला आणि हळूच काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “सूर्यभानजी, पत्रूजीनं केली तर?”

“काऊन? माहे हात गहाण हायेत काय?”

पत्रू पुढे आला. “सूर्यभान, मी करतो ना. तू बस जरा.”

“तू तुह्या शिष्याले आशीर्वाद दे, गुलामा,” मी म्हणालो. दोघंतिघं हसले. पत्रू मागे सरकला.

मी बसलो. पट्टा नाही, डबी नाही, कॅमेरा नाही. पेन्सिल काढली, रेघा मारल्या, करवत चालवली. हात असा लोण्यासारखा चालला की माझं मलाच बरं वाटलं. काचेच्या खोलीतून त्या पिवळ्या हाताची घरघर ऐकू येत होती, आणि मी विचार करत होतो की पडताना आवाज कसा होईल. सागाची खुर्ची पडते तेव्हा आवाज भरीव येतो. राजाभाऊंचं तोंड कसं होईल, पोरीचे पांढरे बूट कुठे तोंड लपवतील. दुपारी जेवणाच्या आधी दोन्ही खुर्च्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

माझी जोडताना एक गोष्ट मला लक्षात यायला हवी होती. सागाचं कुसू खाचेत शिरताना किंचित कण्हतं. हातोडीचे दोन-तीन ठोके लागतात. त्या दिवशी ठोके लागलेच नाहीत, सगळे सांधे गपकन बसले. मला वाटलं, काय सफाई आहे!

आधी यंत्राची. राजाभाऊंनी मागचा पाय धरला, खुर्ची उचलली आणि पहिला झटका दिला. मी कान टवकारले. दुसरा. तिसरा. खुर्ची हातात तशीच. त्यांनी हौसेनं चौथा दिला. करकरलीसुद्धा नाही.

मी जवळ जाऊन सांध्याकडे बघितलं. खांद्याची कड पायाला अशी बिलगली होती की नखसुद्धा शिरेना. मी मनाची समजूत घातली. ठीक आहे. मेलं टिकलं. माझी टिकली की शेड राहिली, शेठनं शब्द दिलाय.

माझी खुर्ची मी स्वतःच उचलली. पहिल्याच झटक्याला पुढचे दोन्ही पाय पट्टीसकट निखळले आणि फरशीवर पडले. आवाज भरीव आला.

 सात माणसं माझ्याकडे बघत होती, त्यांच्यामध्ये विलास होता, ज्याच्या कानावर पेन्सिल मी स्वतः लावली होती. राजाभाऊ खाली वाकले, पडलेला सांगाडा उचलून त्यांनी परत खाचेत टेकवला आणि म्हणाले, “होते असं कधी कधी.” साग न ओळखणाऱ्या माणसानं माझी समजूत काढली. मग घड्याळ बघितलं आणि निघून गेले. माणसं एकेक करून बाहेर पडली. अनघा थांबली, आणि आपल्या बाकापाशी पत्रू थांबला.

“सॉरी काका,” ती म्हणाली. “मी साहेबांना आधीच सांगितलं होतं, सूर्यभानकाकांना नका देऊ म्हणून.”

“काऊन?”

ती चाचरली. “दुसऱ्या आठवड्यातच आकड्यांत दिसलं होतं. तुमचं प्रत्येक कुसू सारखंच बारीक येत होतं. मला वाटलं, नजरेचं असेल, वयानं होतं. म्हणून दिवा लावून दिला. तरी फरक पडला नाही. मग मी तुमचे कट वेगळे काढून ठेवले.”

“कुठं?”

“कुठंच नाही. म्हणजे वापरले नाहीत. पण तुम्ही रोज इतकं मन लावून करत होतात, सांगवेना मला. साहेबांनाही म्हटलं, कॅमेरा राहू दे, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.”

“मंग ते शिकलं कोनापासून?”

“पत्रूकाकांकडून. सगळंच.”

सहा महिने. अंगणातली रोजची सकाळ धरून. ती पोरगी माझ्या बाकापाशी दोन मिनिटं थांबून “छान काका” म्हणायची, ते एखाद्या आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“मी मुद्दाम केलं,” मी म्हणालो.

“हो काका.”

“‘हो काका’ नाई! मुद्दाम रेघ खाल्ली मी. तुह्या यंत्राले फसवाले. सहा महिने फसवलं तुले!”

“हो,” ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात म्हणाली की तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास बसला नव्हता. तिच्या लेखी एक म्हातारा आपली लाज झाकत होता.

“थांब,” मी म्हणालो. “जाऊ नोको. पाह्य.”

पत्रूच्या बाकावरून मी एक पट्टी ओढली. कानावरची पेन्सिल काढली, गुण्या लावला, रेघ मारली. करवत रेघेच्या बाहेर टेकवली. मला आजही पक्कं आठवतं, बाहेर टेकवली. दात लाकडात शिरले, हात चालला, लोण्यासारखा. तुकडा पडला. मी भुसा फुंकला.

रेघ नव्हती.

मी पट्टी उलटी केली. दुसऱ्या टोकाला पुन्हा रेघ मारली. ह्या वेळी हळू, जीभ दातांत धरून, नव्यानं शिकणाऱ्यासारखी करवत चालवली. निम्म्यापर्यंत हात बाहेर राहिला, मग मला न विचारता आत सरकला. तो कधी सरकला ते मला कळलंही नाही. फुंकलं. रेघ नव्हती. मी तिसरी पट्टी घ्यायला गेलो तेव्हा पत्रूनं माझ्या मनगटावर हात ठेवला, पट्टा बांधायचे तिथंच.

“राहू दे,” तो म्हणाला. “हाताले काय मालूम, सूर्यभान, तू गंमत करून राह्यला ते.”

अनघा केव्हा गेली ते मी बघितलं नाही. पेन्सिल बाकावर पडली होती. ती मी उचलली आणि खिशात ठेवली.

*

हातशेड महिन्याभरात बंद झाली. जिथं आमचे बाक होते तिथं आता तयार खुर्च्यांची थप्पी असते. विलास आणि आणखी एक जण नागपूरला गेले. चौघं मोठ्या शेडमध्ये कागद घेऊन खुर्च्या घासायला लागले, आणि त्यांच्यात पाचवा मी. दोन वर्षं मी पत्रूच्या शिष्यानं केलेल्या खुर्च्या घासल्या. ज्या पत्रूला मी घासाईची भीती घातली होती त्यानं काम सोडलं आणि तो सिंदेवाहीला आपल्या घरी गेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मारुती फक्त माझा झाला नव्हता, सात घरांचा झाला होता.

आणि मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्या कारखान्यात बोललं जायचं की सूर्यभानची नजर गेली म्हणून शेड गेली. माझ्यासमोर लोक जिना दाखवायचे, “काका, पायरी आहे.” मी पायरी बघून चढायचो. आंधळा म्हणवून घेणं मला परवडलं. खरं सांगायची छाती नव्हती. मी रेघ खात होतो हे दोनच माणसांना माहीत होतं. एकीला ते पटलं नाही. दुसऱ्याला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर बाकीच्या सहा जणांनी मला गावात उभं राहू दिलं नसतं. तो शब्द त्यानं काढला नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला, तोवर काढला नाही. यंत्राला कमी लेखलं, पोरीला कमी लेखलं, ते एक वेळ माफ. ह्या माणसाला मी तीस वर्षं शेजारी बसून ओळखलं नाही. ही खरी नजर गेल्याची खूण.

गेल्या महिन्यात मूलला भाचीच्या लग्नाला गेलो. नवं सभागृह, आत सागाच्या खुर्च्या, तीनशे तरी असतील. लोक अजून यायचे होते. मी शेवटच्या रांगेतली एक उलटी केली. खालून, पट्टी पायाला मिळते तिथं, बोट फिरवलं. कड घट्ट बिलगलेली. त्या घट्टपणामागे काय असतं ते त्या सभागृहात मला एकट्याला माहीत होतं. आतून दिलेला उतार. कोणी सांगितलेला नाही, कोणाला दिसत नाही. पुढची उलटी केली. तिलाही. तिच्या पुढचीलाही. तीनशे खुर्च्या, आणि उद्या आणखी तीनशे होतील, परवा आणखी. माझा हात एकीतही नाही.

मी एक खुर्ची मागच्या पायाला धरून उचलली आणि तीन झटके दिले. मुलीकडचा कोणीतरी धावत आला.

“काका, काय झालं? खुर्ची खराब हाये काय?”

“नाई,” मी म्हणालो. “खुर्ची चांगली हाये.”

तो गेला. मी ती सरळ करून जागेवर ठेवली, पाठीवरून हात फिरवला आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं हात कानाकडे गेला. तिथं काही नव्हतं. “गुलाम,” मी म्हणालो, कोणाला ते सांगायला नको. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा सगळे त्या खुर्च्यांवर बसले होते आणि मी मागे भिंतीला टेकून उभा होतो.